दोन छेद पाच

उज्ज्वला टेकाळेनं फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित लिहिलं, आणि सहावीच्या एकतीस मुलांनी एकाच वेळी नाकं मुरडली.

१/२ + १/३ = २/५

पुढच्या बाकावरच्या मुलानं तोंडावर हात धरला. खिडकीजवळची एक मुलगी 'ईऽऽ' करत मागं सरकली, जणू कुणी मेलेली पाल तिच्या वहीवर ठेवली होती. उज्ज्वलाच्या स्वतःच्याही घशाशी आंबट पाणी आलं. तिनं घाईघाईनं डस्टर फिरवलं आणि त्या जागी ५/६ लिहिलं. सगळ्या वर्गानं श्वास सोडला.

दाराशी उभे असलेले डॉ. निरंजन सबनीस हसले. "चार आठवडे, मॅडम. फक्त चार आठवडे."

वर्गात बत्तिसावीही एक मुलगी होती. संबोधी खिल्लारे. बाकीच्यांसारखी तिच्या कपाळावर पट्टी नव्हती. तिनं नाक मुरडलं नाही. ती फळ्याकडे न बघता एकेका मुलाच्या तोंडाकडे बघत होती.

पळसवाहीच्या शाळेत उज्ज्वला एकोणीस वर्षं अपूर्णांक शिकवत होती. दर वर्षी तेच. आठ हा चारापेक्षा मोठा, हे मूल पहिलीत शिकतं. पाचवीत आपण त्याला सांगतो की एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा लहान. मूल आपल्याकडे असं बघतं, की आपणच शब्द फिरवला. तिनं कागदाच्या घड्या घालून बघितल्या, पेरू कापले, घरून भाकरी आणून तिचे चतकोर केले. वर्गात सगळ्यांना समजायचं. दिवाळीची सुट्टी संपवून आले की पोरं पुन्हा वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवून मोकळी. जिल्ह्याची चाचणी झाली तेव्हा शंभरातल्या तेवीस मुलांना दोन अपूर्णांकांची बेरीज आली. उज्ज्वलाची स्वतःची मुलगी गार्गी या सहावीच्याच वर्गात होती, आणि ती तेवीस जणांत नव्हती.

म्हणून पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं साठ शाळा निवडल्या, त्यात पळसवाहीचं नाव आलं तेव्हा उज्ज्वलानं सगळ्यात आधी सही केली.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी संस्थेच्या डॉ. सबनीसांनी साठ शिक्षकांना एकच प्रश्न विचारला होता. "लहानपणी एखादा पदार्थ खाऊन उलटी झाली, म्हणून आजही तो खात नाही, असं किती जणांचं आहे?"

चाळीसेक हात वर झाले. कुणाचं श्रीखंड, कुणाची शेवयांची खीर, कुणाचं अंडं.

"किती वेळा उलटी झाली होती?"

"एकदाच," एक जण म्हणाला.

"बघा. सतराचा पाढा शंभर वेळा म्हणून घेता, तरी पोरगं अडखळतं. किळस एका धड्यात शिकते आणि मरेपर्यंत विसरत नाही. मेंदूकडे एवढा पक्का मास्तर आहे, आणि आपण त्याला शाळेत कधी घेतलंच नाही."

मग त्यांनी पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवलं. कानाच्या किंचित वर, कवटीच्या आत, मेंदूची एक दडलेली घडी असते. तिला इन्सुला म्हणतात. नासलेलं दूध हुंगलं की ही घडी जागी होते. आणि गंमत म्हणजे, कुणी लबाडी केल्याचं कळलं तरी तीच जागी होते. शरीराला घाणीपासून वाचवणारी जी यंत्रणा, तीच मनाला नकोशा गोष्टींपासून दूर ठेवते. मुलांच्या कपाळावर बांधायची पट्टी काय करायची, तर ऐकू न येणाऱ्या आवाजाचा एक बारीक झोत नेमका त्या घडीवर टाकायची. मूल टॅबवर गणित सोडवत असताना चुकीच्या वाटेला वळलं, छेदात छेद मिळवायला लागलं, की अर्ध्या सेकंदाचा झोत. दुखत नाही. फक्त काहीतरी नासल्याची चाहूल लागते. दहा-वीस वेळा असं झालं की मग पट्टीचीही गरज उरत नाही. चूकच घाण वाटायला लागते.

"मुलांना काय होतं ते तुम्हालाही कळायला हवं," असं म्हणून शिक्षकांनाही दहा दिवस पट्टी लावली होती. उज्ज्वलानं हौसेनं लावून घेतली.

संबोधीच्या आईनं मात्र संमतिपत्र कोरंच परत पाठवलं. करुणा खिल्लारे गावातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. संबोधीला चौथीत असताना दोनदा फिट आली होती. 'मेंदूवर कसलाही झोत नको,' एवढंच त्यांनी कागदाच्या मागं लिहिलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. मुख्याध्यापक लहाने सर म्हणाले, "असू द्या, एका पोरीनं काय फरक पडतो?"

फरक पडायला आठवडा लागला नाही.

संबोधी बडबडी होती. तिला उत्तर सुचलं की हात वर करायच्या आधीच ती बोलून मोकळी व्हायची. चुकीचं असलं तरी. एरवी वर्ग हसायचा आणि ती स्वतःही हसायची. आता ती 'दोन छेद पाच' म्हणाली की वर्गात कुणीतरी ओकारी दाबायचं.

"पण मॅडम, का नाही?" एकदा तिनं हट्टच धरला. "मी काल लगोरी खेळले. पहिल्या डावात दोन चेंडू मारले, एक लागला. एक छेद दोन. दुसऱ्या डावात तीन मारले, एक लागला. एक छेद तीन. मग सगळे मिळून पाच चेंडू, त्यातले दोन लागले. दोन छेद पाचच झालं की!"

एकोणीस वर्षांत इतकी सुंदर चूक उज्ज्वलासमोर आली नव्हती. एरवी तिनं खडू टाकून टाळ्या वाजवल्या असत्या. चूक का होते आणि ती कुठं बरोबर असते, हे एका पोरीनं चेंडूवर उभं करून दाखवलं होतं. त्यावर सगळा तास काढता आला असता. अख्खी वस्तू कोणती, कशाचा अर्धा, कशाचा तिसरा भाग, सगळं त्यातून निघालं असतं.

पण तोंडात खारट लाळ सुटली होती. उज्ज्वलानं रुमाल ओठांवर दाबला. तिला बोलायला जमेना. तिनं हातानंच 'खाली बस' अशी खूण केली. अंगावर बसलेली माशी झटकावी तशी ती खूण झाली, हे तिला हात खाली आल्यावर कळलं.

संबोधी बसली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, व्हरांड्यात दुपारच्या खिचडीच्या पंगतीत गार्गीनं स्वतःचं ताट सरकवलं. अगदी थोडं, हातभर. मग तिच्या पलीकडची सरकली. मग समोरचा मुलगा. शुक्रवारपर्यंत संबोधीच्या भोवती एवढी मोकळी जागा झाली होती, की खिचडी वाढणाऱ्या मावशी तिथंच पातेलं टेकवायला लागल्या.

उज्ज्वलानं हे ऑफिसच्या दारातून पाहिलं. काय करायला हवं ते तिला ठाऊक होतं. आपला डबा घेऊन जाऊन त्या पोरीशेजारी मांडी घालायची. ती दोन पावलं पुढं गेलीही. तेवढ्यात संबोधी वळून म्हणाली, "मॅडम, आज खिचडीत शेंगदाणे आहेत." त्या आवाजाबरोबर उज्ज्वलाचं पोट ढवळलं. आवाज तर नुसता शेंगदाण्यांबद्दल बोलत होता! तिनं डबा उचलला आणि ती ऑफिसात जाऊन दार लावून जेवली.

त्या संध्याकाळी तिनं गार्गीला विचारलं, "ताट का सरकवलंस?"

"मुद्दाम नाही गं," गार्गी खरंच गोंधळून म्हणाली. "ती बोलली की मला मळमळतं. मग ती नुसती बसली तरी मळमळतं. तुला नाही होत?"

उज्ज्वला पोळ्या लाटत राहिली. गार्गीचे वडील हैदराबादला नोकरीला होते. घरात या प्रश्नाचं उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतरच्या चाचणीत एकतीसपैकी एकोणतीस मुलांना पैकीच्या पैकी मिळाले. सुट्टीतही कुणी काही विसरलं नव्हतं. लहाने सरांनी पेढे वाटले. आसपासच्या शाळांचे शिक्षक बघायला यायला लागले. गार्गी, जी अपूर्णांक म्हटलं की रडायची, तिचा फोटो जिल्ह्याच्या पत्रकात आला.

डिसेंबरात शिक्षण खात्यातल्या एक ज्येष्ठ बाई पाहणीला आल्या. पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी फळ्यावर तेच गणित लिहिलं, वर्गाची तोंडं वाकडी झालेली बघितली, आणि गार्गीला उभं केलं.

"बाळा, दोन छेद पाच का नाही?"

"घाण आहे ते," गार्गी म्हणाली.

"ते समजलं. पण चूक कसं?"

"बघवत नाही, मॅडम. पुसा ना."

"अर्ध्या भाकरीत अजून भाकरी घातली, तर अर्ध्यापेक्षा जास्त व्हायला हवी की कमी?"

गार्गीनं मान फिरवली. त्या बाईंनी आणखी चौघांना विचारलं. बरोबर उत्तर सगळ्यांना येत होतं. का ते एकालाही सांगता येत नव्हतं. 'घाण', 'वास येतो', 'नको वाटतं'. मग बाई उज्ज्वलाकडे वळल्या. "टेकाळे मॅडम, तुम्हीच सांगा बरं यांना."

उज्ज्वला फळ्याजवळ गेली. दोन छेद पाच हा अर्ध्यापेक्षा लहान, हे दाखवायला आधी त्या आकड्याकडे बघायला हवं होतं. तिनं बघितलं. पोटातून ढेकर आला, त्याला कॉफी आणि पित्ताचा वास होता. एकोणीस वर्षं जे तोंडपाठ होतं, ते तिच्या जिभेवर आलं नाही. तिनं नकळत मागच्या बाकाकडे नजर टाकली. हे सांगू शकेल असं वर्गात एकच माणूस होतं, आणि तो बाक रिकामा होता. संबोधी पाच दिवस शाळेत आली नव्हती. उज्ज्वलाच्या लक्षात आलं, की पाच दिवस आपलं पोट शांत होतं, आणि पोट शांत का आहे हे आपण एकदाही स्वतःला विचारलं नाही.

त्याच दुपारी ती खिल्लाऱ्यांच्या घरी गेली.

उपकेंद्रामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली संबोधीची पुस्तकं रांगेनं लावलेली. करुणाताई नुकत्या ड्युटीवरून आल्या होत्या. "बसा, मॅडम," म्हणाल्या आणि चहा टाकला. पाच दिवस का, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही, आणि उज्ज्वलालाही विचारायचा धीर झाला नाही.

चहाचा पहिला घोट घेतला, तेवढ्यात आतून संबोधी आली. वही छातीशी धरलेली. "मॅडम, मी घरी अख्खा धडा केला. बघता?" आणि तिनं वही उज्ज्वलाच्या गुडघ्यावर उघडून ठेवली.

पहिलं गणित बरोबर होतं. दुसरंही. तिसऱ्यात तिनं तीन छेद चार आणि एक छेद दोन यांची बेरीज चार छेद सहा केली होती.

उज्ज्वला धावत दाराबाहेर गेली आणि उंबऱ्यालगतच्या नालीत तिनं चहा, आणि चहाच्या आधीचं सगळं, ओकून टाकलं. नाकातून पाणी आलं. समोरच्या नळावर दोन बाया घागरी भरत होत्या. एकीनं उज्ज्वलाकडे बघितलं, मग खिल्लाऱ्यांच्या दाराकडे, मग आत स्टुलावर राहिलेल्या कपाकडे. घागर अर्धीच भरली होती. तशीच उचलून ती बाई आपल्या घरात गेली.

करुणाताईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. उज्ज्वलानं चूळ भरली.

"करुणाताई, हे यंत्राचं आहे. माझ्या लेकीची शपथ. माझ्या मनात तसलं काही नाही."

"नसेल," करुणाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या पणजीच्या वेळीही कुणाच्या मनात नसायचं. रीत आहे, असं सांगायचे. तुम्ही यंत्र आहे असं सांगा."

"मी उद्यापासून पट्ट्या बंद करते."

"पट्टी काढली की जातं का हे?"

दारात संबोधी उभी होती. वही तिनं मिटून पाठीमागं धरली होती.

त्या संध्याकाळी उज्ज्वलानं सबनीसांना फोन केला.

"माणसाबद्दल? नाही, तसं होणार नाही," ते म्हणाले. "झोत फक्त चुकीच्या पद्धतीशी जोडलेला आहे. व्यक्तीशी नाही."

"एकतीस पोरं तिच्याजवळ बसत नाहीत, डॉक्टर. मी बसत नाही."

मग ते म्हणाले, "पट्टीनं केलेला संस्कार विझवता येतो. पट्टी लावायची नाही. चूक समोर ठेवायची आणि पोटात अन्न घालायचं. पुन्हा पुन्हा. मेंदूला कळतं की यातून काही वाईट होत नाही. आठवडे लागतात."

"हे तुमच्या अहवालात येईल?"

"एका मुलीवरून निष्कर्ष काढता येत नाही, मॅडम."

तिनं लगेच करुणाताईंना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं, आणि विचारलं, की संबोधी रोज अर्धा तास माझ्यासमोर बसून गणितं सोडवेल का, मी तेव्हा जेवेन, म्हणजे माझा हा त्रास जाईल.

"नाही," करुणाताई म्हणाल्या. "माझी पोर तुमचं औषध नाही, मॅडम. ती तुमच्याकडे शिकायला येत होती."

सोमवारी त्यांनी संबोधीचा दाखला काढून नेला. तालुक्याच्या शाळेत घातलं; रोज एसटीनं पाऊण तास जायचं, पाऊण तास यायचं.

उज्ज्वलानं एकतीस पट्ट्या गोळा करून कपाटात कुलूपबंद केल्या. तीन दिवसांनी अठरा पालक शाळेत आले. फेब्रुवारीत गणिताची स्पर्धा परीक्षा होती. "आमच्या पोरांचं नुकसान का?" असं ते लहाने सरांना विचारत होते. संबोधीचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायचं कारणही नव्हतं. ती आता त्या शाळेत नव्हतीच. लहाने सरांनी उज्ज्वलाकडून किल्ली मागून घेतली, नजर चुकवत. "तुम्ही दुसरीचा वर्ग घ्या यंदा. थोडा आराम पडेल."

पट्ट्या पुन्हा लागल्या. फक्त गार्गीची कपाटात राहिली, कारण गार्गीच्या आईनं संमती मागं घेतली होती. गार्गी दोन दिवस आईशी बोलली नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर उज्ज्वलानं मोठ्या कागदावर चुकीची गणितं लिहून चिकटवली आणि त्यांच्याकडे तोंड करून ती जेवायला बसायला लागली. पहिल्या आठवड्यात भाकरीचा घास तोंडात फुगायचा, लाळेचा लगदा व्हायचा, खाली उतरायचा नाही. वरणाचा रंग बघून पू आठवायचा. दोनदा ती मोरीपर्यंत पोचली, एकदा पोचली नाही. फडक्यानं फरशी पुसताना तिला स्वतःच्या अंगाचा, हाताचा, सगळ्याच शरीराचा वीट यायचा. गार्गी ताट घेऊन पुढच्या खोलीत बसायची आणि कानात बोटं घालायची.

अकराव्या दिवशी गार्गी ताट घेऊन आत आली. पाठ भिंतीकडे करून बसली. "वाच," म्हणाली.

"एक छेद दोन अधिक एक छेद तीन," उज्ज्वलानं वाचलं, "बरोबर दोन छेद पाच."

गार्गीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं घास गिळला. "अजून एक वाच."

जानेवारीच्या शेवटी दोघी त्या कागदाकडे बघत पोटभर जेवायला लागल्या. भाकरी मधोमध मोडून उज्ज्वलानं गार्गीला तेच विचारलं, जे पाहणीच्या बाईंनी विचारलं होतं, आणि गार्गी तुकडे जुळवत बसली. स्पर्धा परीक्षेत तिची सात गणितं चुकली. घरी येऊन ती रडली, आणि मग त्यातली एक चूक कशी झाली ते तिनं आईला समजावून सांगितलं. उज्ज्वलाला वाटलं, आपण सुटलो.

मार्चमध्ये एका शनिवारी ती तालुक्याहून परत येत होती. विजेवरची नवी एसटी निम्मी भरली होती. उज्ज्वला मधल्या बाकावर खिडकीशी बसली. गाडी सुटता सुटता दप्तर सांभाळत एक मुलगी चढली. निळा गणवेश, दोन वेण्या. संबोधी तीन महिन्यांत चांगलीच उंच झाली होती.

"मॅडम!" ती ओरडली, आणि तिचा सगळा चेहरा उजळला. ती चार पावलं धावत आली. मग एकाएकी थांबली. दोन बाकं सोडून, पलीकडच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर बसली, आणि तिथूनच हसली.

उज्ज्वलाच्या घशाशी आलं.

तिनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणून बघितलं: दोन छेद पाच. काही झालं नाही. चार छेद सहा. काही नाही. ती सगळी गणितं तिनं पावणेदोन महिने भाकरीबरोबर चावून संपवली होती. मग हे काय होतं? आकड्यांची किळस गेली होती आणि पोरीची राहिली होती. पट्टीनं तिला आकड्यांची किळस शिकवली होती, हे ती शपथेवर सांगू शकत होती. त्या दिवशी नालीपाशीही तिनं शपथच घेतली होती. आज तिच्या मनात आलं, की आपल्या लहानपणी घरी येणाऱ्या एका बाईला आजी वेगळ्या कपात चहा द्यायची, आणि तो कप विसळायला आपण कधी हात लावला नाही. कुणी लावू नको म्हटलंही नव्हतं.

तिला सगळ्यात जास्त शिसारी त्या क्षणी स्वतःची आली.

ती उठली. हलत्या गाडीत बाकांच्या पाठी धरत पलीकडे गेली आणि संबोधीच्या शेजारी बसली.

संबोधी चटकन खिडकीला चिकटली. "मॅडम, तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे."

"मी बोलत नाही मग."

"बोल," उज्ज्वला म्हणाली. "नव्या शाळेत काय चाललंय?"

संबोधीनं आधी तिच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग ती हळूहळू बोलायला लागली. दशांश चालू होते. तिथल्या सरांना तिनं लगोरीचं उदाहरण दिलं, तर त्यांनी दोन दिवस त्यावरच घालवले. ती एकटीच पळसवाहीहून येते, म्हणून पोरं तिला 'एसटी' म्हणतात, पण डबा सगळे मिळून खातात. उज्ज्वला मान डोलवत होती आणि समोरच्या बाकाची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. कपाळावर घाम आला होता. घाट लागला. एका वळणावर तिला आवरलं नाही.

पिशवी काढायलाही वेळ मिळाला नाही. पदरावर, मांडीवर, थोडं संबोधीच्या दप्तरावर. आंबट वास गाडीभर पसरला.

"अहो, काय हे!" समोरचा माणूस ताडकन उठला. मागच्या बाईनं पदर नाकाला लावून पोराला उचललं आणि ती शेवटच्या बाकावर गेली. "खिडकीत तोंड तरी काढायचं!" कुणीतरी म्हणालं. कंडक्टर लांबूनच ओरडला, "बाई, तिथंच बसून राहा, हलू नका!" बघता बघता त्यांच्या पुढची तीन आणि मागची तीन बाकं रिकामी झाली. लोक तोंडं फिरवून उभ्यानं प्रवास करायला लागले.

उज्ज्वला मान खाली घालून बसली. ओल्या पदराकडे तिला बघवत नव्हतं.

संबोधी हलली नव्हती. तिनं वहीची मधली चार पानं फाडून आधी मॅडमच्या हातांवरचं पुसलं, मग दप्तरावरचं. नाक मुरडलं नाही. आई नर्स असलेल्या घरात ती वाढली होती. पुसलेले कागद तिनं डब्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पायाशी ठेवले. मग पाण्याची बाटली काढली, बूच उघडलं आणि उज्ज्वलापुढं धरली.

उज्ज्वलानं बाटली घेतली आणि सवयीनं डोक्यावर उंच उचलली, वरून धार सोडायला.

"वरून नको, मॅडम," संबोधी म्हणाली. "गाडी हलतेय. सांडेल. तोंड लावूनच प्या."

रिकाम्या बाकांपलीकडून माणसं बघत होती. उज्ज्वलानं हात खाली घेतला आणि बाटलीला तोंड लावलं. पाणी उन्हानं कोमट झालं होतं. पहिला घोट वर यायला बघत होता. तिनं तो गिळला, आणि दुसरा घेतला.